ग्रोनिबाखाली झोपायचं की नाही

योरुन स्काइलेला लोकांसमोर बोलायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि तो नुसता म्हणण्यापुरता नव्हे. सभेआधी ती कुठल्या ना कुठल्या संडासात ओणवी झालेली असायची. टोरविकाच्या ग्रामसभागृहातला संडास तर तिच्या चांगलाच ओळखीचा. भिंती पातळ, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेर खुर्च्या मांडणाऱ्यांना कळायचं. पण कोणी कधी चकार शब्द काढला नाही. ती तोंड पुसत बाहेर आली की कोणीतरी न बोलता पाण्याचा पेला पुढे करायचं आणि पुन्हा खुर्च्यांकडे वळायचं.

बरं, बाई भित्री म्हणावी तर तसंही नाही. दोराला लटकून ती ग्रोनिबा डोंगराच्या भेगेत उतरायची, वरून खडे गळत असताना आत मोजमापाची यंत्रं ठोकायची आणि वर येऊन शांतपणे डब्यातला पाव खायची. दगडांची भीती तिला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती खुर्च्यांवर बसलेल्या, हाताची घडी घातलेल्या, काहीच न बोलणाऱ्या आपल्याच गावच्या माणसांची.

ग्रोनिबा हा आमच्या खाडीवरचा डोंगर. त्याचा पश्चिमेकडचा खांदा मूळ डोंगरापासून सुटत चाललाय, हे कळल्याला वीस वर्षं झाली. तो खांदा एका दमात खाली आला तर सरळ खाडीत कोसळणार, आणि पाण्याची जी भिंत उठेल ती टोरविकाच्या काठावरच्या घरांपर्यंत यायला चहाचं आधण ठेवण्याइतकाही वेळ लागणार नाही. हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. डोंगरावर नजर ठेवायला सरकारने कार्यालय उघडलं, तेव्हा साहेबांनी योरुनला मुद्दाम बोलावून घेतलं. ती दगडांचं शास्त्र शिकलेली होती, आणि मुख्य म्हणजे टोरविकाची होती. गावाशी गावाच्या भाषेत बोलेल असं माणूस हवं होतं. आणि नेमणूक झाल्या झाल्या तिला ती भाषा विसरायला ऑस्लोला पाठवलं, यावरून सरकार कसं चालतं ते ओळखा.

ऑस्लोत पांढरे बूट घातलेल्या एका गृहस्थाने आठवडाभर शिकवलं. आवाज शांत ठेवायचा. तीनच मुद्दे सांगायचे. स्वतःचं मत सांगायचं नाही, आकडे सांगायचे. आणि काही झालं तरी भीती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, कारण शास्त्रज्ञ घाबरला की लोक घाबरतात. धोक्याचे रंगही ठरवून दिले होते, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. प्रत्येक रंगाला भारदस्त शब्द. नारिंगीला होता, ‘लक्षणीय धोका’.

आता हे ज्याने ठरवलं तो आमच्या खाडीवर एक हिवाळासुद्धा राहिलेला नसणार. इथे माणसं बोलताना प्रत्येक गोष्ट बारीक करून बोलतात. योरुनच्या बापाची होडी ऐन नोव्हेंबरात उलटली होती. खडकाला धरून राहिलेला, निळा पडलेला माणूस शेजाऱ्यांनी उचलून घरी आणला, तर तो बायकोला म्हणाला, “जरा गार होतं पाणी.” काठावरच्या ओस्ताच्या नवऱ्याच्या मांडीत लाकूड कापायची करवत घुसली, तेव्हा तो डॉक्टरला फोनवर म्हणाला, “सवड असेल तर येऊन जा, अंमळ लागलंय.” मोठ्याने आणि मोठं बोलणारा माणूस इथे एक तर प्यायलेला असतो, नाहीतर काहीतरी विकायला आलेला असतो. तेव्हा ‘लक्षणीय धोका’ हे शब्द ऐकून लोकांनी काय केलं असेल? मान डोलावली आणि कॉफी ओतून घेतली.

त्यातून तीन वर्षांपूर्वीची ती शरदातली गोष्ट झालेली. कार्यालयाने घाईघाईने लाल रंग जाहीर केला, पोलिसांनी काठ रिकामा केला, देशभरातले कॅमेरेवाले खाडीपलीकडे तंबू ठोकून बसले, आणि ग्रोनिबा जागचा हलला नाही. कॅमेरेवाले सर्दी घेऊन परत गेले. तेव्हापासून फेरीबोटीवर इंजिन सांभाळणारा मागनार योरुन दिसली की विचारायचा, “काय गं, आहे ना डोंगर जागेवर?” विनोद केव्हाच शिळा झाला होता, पण मागनार तो दर वेळी गरम करून वाढायचा. योरुन हसायची आणि घरी जाऊन तोंडावर उशी दाबून रडायची.

यंदा मे महिन्यात मात्र गोष्ट वेगळी होती. हिवाळाभर अफाट बर्फ पडलेलं, ते एकदम वितळायला लागलं आणि वर पावसाची झड. सगळं पाणी भेगेत. डोंगर किती सरकला ते दाखवणाऱ्या यंत्रांच्या रेघा रोज आदल्या दिवसापेक्षा उभ्या चढत होत्या. नारिंगी रंग लागला आणि शुक्रवारी सभा ठेवली. नियम असा की लाल होईपर्यंत कोणालाही घरातून उठवता येत नाही, फक्त सल्ला देता येतो. आणि लाल केव्हा करायचं याचा एक आकडा ठरलेला होता, तो अजून ओलांडला नव्हता.

सभेला योरुनचा साहेब ट्रिग्वे बेर्गनहून आला आणि पहिल्या रांगेत बसला. योरुन संडासातून आली, पाणी प्यायली, उभी राहिली. आवाज शांत. तीन मुद्दे. भिंतीवर आलेख. “मोठा भाग सुटण्याची शक्यता लक्षणीयरीत्या वाढली आहे, तरी काठावरच्या रहिवाशांनी तात्पुरतं स्थलांतर करण्याचा विचार करावा.” पाठीमागे घामाने सदरा चिकटला होता, पण पुढून काही दिसत नव्हतं. पांढऱ्या बुटांच्या गृहस्थाने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

“कोणाला काही विचारायचंय?” तिने विचारलं.

विणकामाच्या सुयांचा आवाज तेवढा येत होता. मागनार खाकरला. “एवढंच असेल तर कॉफी घ्यायची का?”

लोक हसले. थर्मास उघडले, गोड धिरड्यांची ताटं फिरली.

“उत्तम झालं,” ट्रिग्वे तिच्या कानाशी म्हणाला. “एक माणूस घाबरला नाही.”

“तेच तर, ट्रिग्वे,” ती म्हणाली. “एक माणूस घाबरला नाही.”

पण त्याच्या तोंडात धिरडं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ आणखी चढली. योरुनने तिचा उतार मोजला, पुन्हा मोजला. ठरलेला आकडा आज संध्याकाळीही ओलांडला जाईल, परवाही जाईल, आणि ओलांडल्यावर पोलीस येईपर्यंत डोंगर थांबेल याची हमी कोण देणार? तिने ट्रिग्वेला फोन लावला.

“आकडा ओलांडला की लाल,” तो म्हणाला. “त्याआधी नाही. तीन वर्षांपूर्वी आपलं किती हसं झालं, आठवतंय ना?”

“आठवतंय. मी याच लोकांत राहते.”

“मग शांत राहा. तुझं काम माहिती देण्याचं आहे. ती तू दिलीस.”

तिने फोन ठेवला आणि गाडी काढली. रस्ताभर तिला काठावरची घरं दिसत होती. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, एका अंगणात पोरांनी तीनचाकी सायकल उलटी टाकलेली होती. तिला इतकी भीती वाटत होती की तिने गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला उभी केली. डोंगराची भीती होतीच. पण आपल्याला सगळं माहीत आहे आणि ते आपल्या तोंडून कोणाच्या कानात शिरत नाही, याची भीती त्याहून मोठी होती. ही माणसं मेली तर ती तिचा आलेख पाहूनसुद्धा मरणार होती.

पाण्याच्या सगळ्यांत जवळचं घर ओस्ताचं. ओस्ता ऐंशी पार केलेली, नवरा गेल्यापासून शेळ्यांसोबत एकटी राहायची. योरुनच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. काठावरची सगळी घरं तिच्याकडे बघून चालायची. ओस्ताने बटाटे लावले की बाकीचे लावायचे.

योरुन शिरली तेव्हा ओस्ता चुलीशी उभी राहून शेळीच्या चीजचं पाणी आटवत होती. हे काम सकाळी सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत कढईपाशी उभं राहावं लागतं. हात थांबला की तळाला लागलंच. तेव्हा कुठे तपकिरी चीज होतं. मध्येच कढई उतरवणारी बाई आमच्या खाडीवर अजून जन्माला यायची होती.

“बस,” ओस्ता न वळता म्हणाली. “कॉफी आहे. ओतून घे, माझे हात अडकलेत.”

योरुनने ओतून घेतली. “ओस्ता, मी डोंगराबद्दल—”

“ते काल ऐकलं. चित्रं चांगली होती.”

“शक्यता लक्षणीयरीत्या—”

“तेही ऐकलं.” ओस्ताने डाव फिरवला. “बुजरीला काल करडू झालं. पाय वाकडा आहे जरा, पण उभं राहतंय. तुझ्या आईला आवडलं असतं.”

योरुनने कप उचलला, पण तो तोंडापर्यंत पोहोचेना. कॉफी बशीत सांडली, बशीतून टेबलावर. तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. ओस्ताने आता वळून पाहिलं. टेबलाकडे, मग तिच्या दंडांकडे.

शिकवलेलं सगळं योरुनच्या डोक्यातून उडून गेलं. उरलं ते एकच वाक्य, आणि तेही तिच्या आईच्या स्वयंपाकघरातलं.

“मी असते ना,” ती म्हणाली, “तर आज इथे झोपले नसते.”

ओस्ताने डाव कढईच्या काठावर आडवा ठेवला. मग चूल बंद केली. आटत आलेलं, रंग धरायला लागलेलं ते पाणी तसंच राहिलं.

“एवढं आहे होय?” ती म्हणाली.

“एवढं आहे.”

“मग काल का नाही सांगितलंस, बये? काल नुसती सरकारी कागद वाचत होतीस.”

योरुनने फडकं ओढून टेबलावरची कॉफी पुसली.

“शेळ्या घ्यायच्या की ठेवायच्या?”

“घे.”

ओस्ताने हात पुसले, फोन उचलला आणि शेजारच्या घरी लावला. “मी बोलतेय. योरुन म्हणते ती आज इथे झोपली नसती.” एवढंच. नमस्कार नाही, खुलासा नाही. फोन ठेवला आणि ती दावणी शोधायला गोठ्यात गेली.

जेवणाच्या वेळेपर्यंत काठ रिकामा झाला. कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. एका बाईने कुलूप लावण्याआधी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मागनारने ओस्ताच्या शेळ्या फेरीबोटीवर गाड्यांच्या जागेत चढवल्या, वाकड्या पायाचं करडू स्वतःच्या कोटात घेतलं. योरुनसमोरून जाताना तो थांबला. डोंगराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नेहमीचा विनोद न करताच पुढे गेला. ते पाहून तिला आणखीच धडकी भरली.

ट्रिग्वेचा फोन आला तेव्हा ती धक्क्यावर उभी होती.

“तुझं खासगी मत कोणी विचारलं होतं?” तो किंचाळत होता.

“कोणी नाही.”

“मग?”

“तरी सांगितलं.”

“आणि नाही पडला तर? तेव्हा काय सांगणार आहेस?”

हेच तर तिच्या छातीत घट्ट बसलं होतं. असलं वाक्य माणसाजवळ एकच असतं. ते तिने खर्चून टाकलं होतं. आता डोंगर नाही पडला, तर पुढच्या वेळी ती रडून सांगो की लोळून, ओस्ता चूल बंद करणार नव्हती.

पुढचे दिवस माणसं वरच्या गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत गाद्या टाकून राहिली आणि योरुन पडद्यासमोर. आकडा ओलांडला गेला, लाल रंगही लागला, ट्रिग्वे गप्प झाला. रेघ चढत होती आणि योरुन तिच्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होती, पड आता. एकदाचा पड. ज्या काठावर ती लहानाची मोठी झाली, तो वाहून जावा म्हणून ती अक्षरशः देवाला विनवत होती. आपण काय मागतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली, आणि तरीही विनवणी थांबेना.

एका सकाळी घराएवढा एक तुकडा सुटला. धूळ उडाली, खाडीत लाट उठली, ओस्ताच्या होडीघराचं दार तेवढं निखळून गेलं. योरुन श्वास रोखून वाट पाहत राहिली. मागून काहीच आलं नाही. मग थंडी परतली, वरचं पाणी गोठलं, आणि रेघ आडवी झाली. अशी काही आडवी, की जणू कधी चढलीच नव्हती. लालचा नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा.

पुन्हा सभा. या वेळी काम सोपं होतं, घरी जा असं सांगायचं. ट्रिग्वे पुन्हा पहिल्या रांगेत. योरुन पुन्हा संडासात, पुन्हा पाण्याचा पेला. “सध्याच्या मोजमापांनुसार,” ती म्हणाली, “वर्षभरात मोठा भाग कोसळण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी आहे. रहिवाशांनी परत जायला हरकत नाही.”

कोणी उठलं नाही. थर्मास उघडले, कॉफी ओतली गेली, ती संपली, तरी कोणी कोट चढवेना. मागनार भिंतीला टेकून बुटांकडे पाहत होता. सामान बाहेर गाड्यांत भरून तयार होतं आणि माणसं खुर्च्यांना चिकटून बसली होती. आपलं वाक्य फुकट गेलं, आता आपल्यावर कोणाचाच विश्वास नाही, असं योरुनला वाटलं.

ओस्ताने लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला.

“हजारात एक, ते कळलं,” ती म्हणाली. “तू झोपशील का तिथे?”

सगळ्या माना योरुनकडे वळल्या. पहिल्या रांगेतून ट्रिग्वे बारीकशी मान हलवत होता, नको, बोलू नकोस.

योरुन खाडीच्या वर, चढावरच्या गावात राहायची. तिथे लाट पोहोचत नाही; घर घेताना तिनेच तपासून घेतलं होतं. हजारात एक हा आकडा ती कितीतरी वर्षं वाटत आली होती, पण तो उशाशी घेऊन कधी आडवी झाली नव्हती. मोजमापं खरी होती, तिने स्वतः तपासली होती, चूक काढायला जागा नव्हती. आणि तिचं अंग म्हणत होतं, पळ. उद्या सकाळी बेर्गनला बैठक आहे, असं सांगता आलं असतं. बैठक होतीही.

“जरा भीती वाटेल,” ती म्हणाली. “पण झोपेन.”

‘जरा’ म्हणजे किती, ते त्या सभागृहात फक्त ट्रिग्वेला कळलं नाही. खुर्च्या सरकल्या. मागनारने कोट अंगात घातला. “मग शेळ्या आणतो,” तो म्हणाला.

“चल,” ओस्ता योरुनला म्हणाली. “माडीवरची खोली रिकामीच आहे.”

मे महिन्यातली संध्याकाळ, उन्हं अजून पाण्यावर होती. माडीवरच्या खोलीची खिडकी नेमकी ग्रोनिबाकडे. नव्या तुटीची जागा फिकट दिसत होती. योरुन पलंगाच्या कडेला बसली. खालून पाण्याचा बारीक आवाज आला तरी ती दचकत होती, आणि आपल्याला पाण्याच्या आवाजांतला फरक कळतो, या ज्ञानाचा तिला त्या वेळी काडीचाही उपयोग नव्हता. ती तशीच, कपड्यांसकट, पांघरुणात शिरली.

जिन्यावर पावलं वाजली. ओस्ता दारात आली, तेव्हा तिच्या हातात योरुनचे बूट होते. आमच्याकडे बाहेरचे बूट कोणी उंबऱ्याच्या आत आणत नाही, मग माडीवर तर सोडाच. ओस्ताने ते पलंगाशेजारी ठेवले, टाचा पलंगाकडे, नाड्या सैल, उतरलं की पाय सरळ आत जातील असे.

“असू देत इथेच,” ती म्हणाली. “खाली दारापर्यंत जायला वेळ नको.”

योरुन कोपरावर टेकून उठली. तेव्हा तिला दिसलं, ओस्ताच्या अंगात लोकरीचा जाड सदरा होता, खाली विजार, पायांत बूट. या सगळ्यावर झोपायचा झगा.

“तू पण?” योरुनने विचारलं. “आजपासून?”

“आजपासून कशाला?” ओस्ताने पडदा ओढला. “भेग सापडली तेव्हापासून. काठावरचे सगळेच असे झोपतात.”

“सगळे? वीस वर्षं? मला कधी कोणी—”

“तू इतकी शांत असायचीस सभेत,” ओस्ता म्हणाली. “आम्हाला वाटायचं, आपणच मेले भित्रे. मग कसं विचारायचं?”

ती आपल्या खोलीत गेली. दोन्ही खोल्यांची दारं तिने उघडीच ठेवली.